शैलाताईंचा ट्रक

शैलाताई हळदीकुंकवाला आल्या तरी आधी आमचं मागचं दार उघडून हवा हुंगायच्या, मगच कुंकू लावून घ्यायच्या. मूळच्या नागपूरच्या, भूलतज्ज्ञ. निवृत्त झाल्यावर अमेरिकेत प्लेनो शहराच्या बाहेर, माळाला लागून घर घेतलं आणि तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलात दाखल झाल्या. माळावरचं गवत पेटलं की त्या ट्रक काढायच्या. ट्रक कसला, उंच चाकांचा पिकअपच. मागे पाण्याची टाकी, पंप आणि होसपाइपचं रीळ. मोठा बंब रुतेल तिथे हा आरामात जायचा.

मला त्यांचा भयंकर हेवा वाटायचा, तो माझ्या मीरामुळे. लेकीला गाण्याला मी नेलं, भरतनाट्यमला मी नेलं. पण तिचे डोळे चमकायचे ते शैलाताईंचं धुरकट जॅकेट बघून. "आई, शी इज सो कूल!" शेवटी कॉलेज संपताच तीही दलात शिरली. मला विचारलंसुद्धा नाही.

दसऱ्याला शैलाताई ट्रकची पूजा करायच्या. दलातली गोरी मंडळी पेढ्यांसाठी हजर असायची. एका वर्षी मी हट्टाने हार केला, झेंडूचा, टाकीपासून बंपरपर्यंत पोचेल असा.

"अगं, ट्रक आहे की नवरदेव?" शैलाताई हसल्या.

नारळ फोडायच्या आतच आगीचा कॉल आला आणि हार नेमका रिळात गुंतला. त्यांनी सरळ सुरी चालवली. "फुलं पुन्हा मिळतील गं, गवत थांबत नाही!" शेजारच्या सीटवर मीरा चढली. मी धुळीतली फुलं वेचत मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या.

संध्याकाळी दोघी काळवंडून परतल्या. शैलाताईंनी मीराला माझ्यापुढे उभं केलं. "घे, बघून घे. कुठे खरचटलंसुद्धा नाही. तुझ्यावरच गेलीय, हट्टी!" मला रडू आलं आणि रागही आला. इतकं चांगलं वागायची काय गरज होती?

गेल्या हिवाळ्यात शैलाताई गेल्या, झोपेतच. यंदा ट्रक मीरा चालवते. दसऱ्याला मी मुद्दाम वीतभर हार केला. मीराने तो भिंतीवर टांगलेल्या शैलाताईंच्या हेल्मेटला घातला.

"आणि ट्रकला?"

"नेक्स्ट इयर, आई. धिस इज हर्स."

अजूनही शैलाताईच पुढे! उरलेलं एक फूल मी बंपरवर ठेवलं. तेवढ्यात कॉल आला, मीरा ट्रक घेऊन गेली. मी घरी आले, मागचं दार उघडलं आणि हवा हुंगत उभी राहिले.