रणगाड्याचा धूर: मध्यम

किस्से जमवावे लागत नाहीत. चार शहाण्या माणसांना एका कामाला बसवा आणि ते काम काही केल्या पुरं होऊ नये एवढं बघा, किस्से आपोआप साठतात. आमच्याकडे दोन वर्षांत इतके साठलेत की रविवारी घरी आलो की बायको आधीच सांगते, "काय झालं ते सांगू नका, मला स्वयंपाक आहे."

काम काय ते सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवा. टोकावड्याला रस्त्याच्या कडेला आमच्या सुभेदारांचं घर आहे. फौजेतून रिटायर झालेले. अठरा वर्षं रणगाडा चालवला. आता अंगणात रिमोटवर चालणारा, हातभर लांबीचा रणगाडा चालवतात. पट्टे आहेत, तोफ आहे, तोफेचा आवाज आहे. तक्रार फक्त धुराची. इंजिन सुरू केलं की मागच्या नळीतून धूर यायला पाहिजे, तो मनासारखा येत नाही. एवढंच काम!

त्यासाठी दर रविवारी चार माणसं जमतात. मी, शहापूरला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. साळवीसाहेब, भातसानगरच्या कॉलनीत राहतात, धरणाचे दरवाजे उघडायच्या कामावर आहेत. जाधव मॅडम, मुरबाडकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. आणि चौथे खुद्द सुभेदार. ते स्वतः काही करत नाहीत, फक्त नापास करतात.

* * *

पहिल्या रविवारी मी म्हटलं, "सुभेदार, येतोय की धूर."

येत होता. आत एक पत्र्याची डबी, डबीत तेलात भिजलेली वात, वातीला तापवायला बारीक तार, आणि मागून फुंकायला पिटुकला पंखा. उदबत्तीएवढा का होईना, धूर होता.

"हा धूर नाय," सुभेदार म्हणाले.

"मग कसा पाहिजे?"

"ते मला काय ठावं?"

मला वाटलं, माणूस माझी फिरकी घेतोय. म्हटलं, "अठरा वर्षं तुम्हीच चालवलात ना?"

"वाइंडर, ड्रायव्हर पुढं बसतो. धूर मागनं निघतो. मी माझ्या गाडीचा धूर एकदा पण बघितला नाय. तो शिंगोटे बघायचा."

शिंगोटे म्हणजे त्यांच्या रणगाड्यावरचा तोफची. रोज सकाळी सुभेदार इंजिन सुरू करायचे आणि शिंगोटे मागे उभा राहून धूर बघायचा. धूर ठीक असला तर पत्र्यावर हाताच्या पंजानं दोन थापा मारायचा. दोन थापा ऐकू आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा दोघांचा नेम. आता शिंगोटे माळशेज घाटाच्या वर, ओतूरच्या बाजूला राहतो आणि त्याला काचबिंदू झालाय.

"फोनवर बोलतो, थोडं अंधूक दिसतं," सुभेदार म्हणाले. "त्याला दिसतंय तोवर धूर झाला पायजे. तो दोन थापा मारील तेव्हा पास."

म्हणजे आमच्यापैकी कोणीही न बघितलेला धूर करायचा, आणि ज्यानं बघितलाय त्याची नजर जायच्या आत करायचा. असलं काम कोणी अंगावर घेतं का? आम्ही घेतलं.

* * *

रणगाड्याच्या किटबरोबर आलेलं तेल दुसऱ्याच आठवड्यात संपलं. मॅडम म्हणाल्या, प्रत्येकानं आपापलं तेल घेऊन या, आपण तुलना करू. शास्त्रीय पद्धत!

साळवीसाहेबांनी शिलाई मशीनचं तेल आणलं. त्याचा धूर आला, पण सगळ्यांना खोकत खोकत रस्त्यापर्यंत जावं लागलं. मी मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं. ते वातीत चढेना. मॅडमनी लहान बाळांना मालिशसाठी लावतात ते तेल आणलं. त्याचा धूर मात्र असा सुरेख, पांढरा, दाट आला की मी टाळ्या वाजवल्या.

आतून काकू धावत बाहेर आल्या. काकू म्हणजे सुभेदारांच्या मिसेस. पदराला हात पुसत म्हणाल्या, "कोन आलंय गो बाळाला घेऊन?"

अंगणभर न्हाऊन निघालेल्या बाळाचा वास सुटला होता. सुभेदारांनी रिमोट खाली ठेवला.

"मॅडम, ह्या गाडीत बसून आमी लढाईला जायाचं?"

नापास.

* * *

साळवीसाहेबांचं वेगळंच. त्यांना नोंद लागते. धरणावर पाण्याची पातळी लिहायची सवय, म्हणून त्यांनी धुराचं रजिस्टर ठेवलं. रकाने आखून. तेल भरले, वात तपासली, तार तापली, धूर कसा. शेवटच्या रकान्यात दोन वर्षं एकच शब्द आहे, "मध्यम". धूर भरपूर आला तरी मध्यम, अजिबात नाही आला तरी मध्यम. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "उगाच टोकाचं लिहू नये. उद्या कोणी विचारलं तर?"

कोण विचारणार आहे यांना?

त्यांची दुसरी सवय शिट्टीची. धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजवतात, खालच्या लोकांना सावध करायला. तोच नियम त्यांनी अंगणात लावला. डबीची तार चालू करायच्या आधी तीन लांब शिट्ट्या. हातभर रणगाड्यासाठी!

एका रविवारी त्यांनी तिसरी शिट्टी मारली आणि रस्त्यावर ब्रेक लागल्याचे आवाज आले. बघतो तर दोन जीप, एक टेंपो आणि तीन मोटरसायकली कडेला लागलेल्या. मोटरसायकलवाल्यांनी हँडलवरची हेल्मेट काढून डोक्यात घातलेली. टेंपोवाला कागदांची पिशवी घेऊन चालत अंगणात आला आणि साळवीसाहेबांच्या हातात दिली.

साळवीसाहेबांनी चष्मा लावून सगळे कागद तपासले. म्हणाले, "पीयूसी पुढच्या महिन्यात संपतंय. लक्ष ठेवा."

तो आभार मानून गेला. आम्ही कपाळावर हात मारून घेतला.

* * *

मॅडमचं म्हणणं असं की तेलात दोष नाही, हवेत आहे. पंखा वेगळा पाहिजे आणि त्याचा वेग इंजिनाच्या वेगाशी बांधला पाहिजे. शिंगोट्यांनी फोनवर सांगितलेलं त्यांनी कागदावर लिहून घेतलं होतं: आधी पांढरा, मग एक काळा भपका, मग निळसर झाक, मग काही नाही. त्यांनी शाळेतल्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा पंखा आणला, मी जोडून दिला.

पंखा झकास चालला. धूर तोफेतून आला. झाकणातून आला. पट्ट्यांच्या मधून आला, बॅटरीच्या खणातून आला, हेडलाइटमधून आला. फक्त मागची नळी स्वच्छ!

सुभेदारांनी चारही बाजूंनी फिरून बघितलं. मग म्हणाले, "असा धूर मी बघितलाय. दुसऱ्याच्या गाडीचा. असा धूर आला का माणसं उड्या मारून पळतात."

मॅडमना ते लागलं. पुढच्या रविवारी त्या एम-सीलची चार पाकिटं घेऊन आल्या आणि एकूण एक फट बुजवली. विद्यार्थ्यांच्या पेपरात चुका शोधतात तितक्या चिकाटीनं. नव्या पंख्याचा सगळा धूर नळीतून आला, पहिल्यांदाच. आम्ही चहा मागवला. चहा पिता पिता बॅटरी उतरली आणि लक्षात आलं, बॅटरीचा खणही बुजलाय.

तो उघडायला मला हॅक्सॉ लागली. त्यात एक पट्टा तुटला. मॅडम म्हणाल्या, "पण तत्त्व सिद्ध झालं." तत्त्व घेऊन काय करायचंय, मला सांगा!

* * *

आता माझा पराक्रम सांगतो, नाहीतर म्हणाल स्वतःला वगळलं.

मी तीस वर्षं मोटरी बांधतोय. ती तापणारी तार बघून माझ्या हाताला खाज सुटली होती. म्हटलं, किटवाल्यांना काय कळतं. जुन्या शेगडीच्या कॉइलची तार घेतली, नेटकी गुंडाळली आणि मुद्दाम दोन वेढे कमी ठेवले. वेढे कमी, तर तार जास्त तापणार. साधा हिशेब.

शिट्ट्या झाल्या. तार चालू केली. आधी पांढरा धूर आला. मग खरंच, एक काळा भपका! आणि मग काळा, जाड, गोल गोल धूर, नळीतून सरळ वर. सुभेदार उभेच राहिले. त्यांचे डोळे ओले झालेले मी बघितले. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

"शिंगोट्या, झाला बघ! झाला धूर! तू निघ. आत्ताच्या आत्ता निघ."

तेवढ्यात तोफ हळूच खाली वाकली. मग तोफेखालचा सगळा बुरुज एका अंगाला बसला. प्लास्टिक जळत होतं.

साळवीसाहेबांनी वाळूची बादली ओतली, ती ते दर रविवारी भरून ठेवायचे आणि आम्ही हसायचो. सुभेदार फोनवर म्हणाले, "थांब. नको निघू." आणि आत गेले. चार आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. रजिस्टरमध्ये त्या दिवशीचा शेराही "मध्यम"च आहे.

* * *

यात शेजारच्या बाळारामचं सांगायचं राहिलं. कुंपणापलीकडे त्याचा जुनाट ट्रॅक्टर उभा असतो. सुरू केला की एवढा काळा धूर ओकतो की आमचं अंगण दिसेनासं होतं. एकदा काकूंचे वाळत घातलेले पापड काळे झाले. सुभेदार कुंपणाशी जाऊन गरजले.

बाळाराम शांतपणे म्हणाला, "तुमचा खेळन्याचा धूर चालतो, माझा कामाचा नाय चालत?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. रविवारी ट्रॅक्टर सुरू झाला की आमची चाचणी थांबायची, कारण कोणता धूर कोणाचा तेच कळायचं नाही. मग आम्ही सगळे हात बांधून धूर जायची वाट बघत बसायचो. माझ्या आयुष्यातले किती तास असे गेले असतील!

* * *

शेवटी दिवाळीनंतर गाडी जमली. नवा बुरुज, बुजवलेल्या फटी, उघडणारा खण, बेताची तार. सलग तीन रविवार धूर बरा आला. सुभेदार "बघू" म्हणाले. नापास म्हणाले नाहीत, म्हणून आम्ही तेच पास धरलं. शिंगोट्यांना बोलावलं.

ते आले, बायकोचा हात धरून. बसमधून उतरताना त्यांनी पायरी पायानं चाचपली, तेव्हाच मला कळलं. त्यांच्या बायकोनं काकूंना हळूच सांगितलं, एक डोळा गेलाय, दुसऱ्याला फक्त उजेड कळतो. सुभेदारांना सांगायला शिंगोट्यांनी बंदी केली होती.

सुभेदारांनी ते ऐकलं. शिंगोट्यांना खांद्याला धरून अंगणात आणलं आणि रणगाड्याच्या मागे उभं केलं, जिथे ते पूर्वी उभे राहायचे.

"तयार?"

"तयार. मार स्टार्टर."

तीन शिट्ट्या झाल्या. इंजिनाचा आवाज सुरू झाला. आम्ही नळीकडे बघत होतो. धूर नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, काही नाही. साळवीसाहेब रजिस्टर चाळायला लागले आणि पांढरे पडले. दोन वर्षांत पहिल्यांदा "तेल भरले" हा रकाना कोरा होता. पाहुणे येणार या गडबडीत गृहस्थ तेल भरायलाच विसरले होते! मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

तेवढ्यात कुंपणापलीकडे बाळारामनं ट्रॅक्टर सुरू केला.

नेहमीसारखा काळा लोट अंगणात आला. शिंगोट्यांनी मान वर केली. नाकानं लांब श्वास घेतला, एकदा, दोनदा. त्यांचा चेहरा असा काही झाला की मी दुसरीकडे बघितलं. साळवीसाहेब खुलासा करायला तोंड उघडणार, तर मॅडमनी त्यांच्या पायावर पाय दिला.

शिंगोटे चाचपत खाली बसले. हातानं रणगाड्याचा पत्रा शोधला आणि त्यावर दोन थापा मारल्या.

सुभेदारांनी रणगाडा हलवला. अंगणभर एक फेरी मारून आणला.

जाताना शिंगोटे बसच्या दारात थांबले. म्हणाले, "धूर बराबर हाय. पर काळा जरा जास्तीच येतोय. एअर फिल्टर धुतला नाय तू. तवाबी धूत नव्हतास."

"धुतो," सुभेदार म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर अंगण रिकामं. रणगाडा घरात कपाटावर. काकूंनी कुंपणाकडे बोट दाखवलं. पलीकडे बाळारामच्या ट्रॅक्टरचं बॉनेट उघडं होतं, आणि सुभेदार बाह्या सरसावून त्याचा एअर फिल्टर डिझेलमध्ये धूत बसले होते. बाळाराम मुकाट्यानं डबा धरून उभा होता.

फिल्टर बसवून झाला. बाळाराम सीटवर चढला. सुभेदार सायलेन्सरकडे तोंड करून उभे राहिले.

"मार स्टार्टर."

ट्रॅक्टर सुरू झाला. सुभेदारांनी धूर बघितला, बराच वेळ बघितला. मग पुढे झाले आणि बॉनेटवर हाताच्या पंजानं दोन थापा मारल्या.