चिमाजीचा माफीनामा

पुनावळ्याचा चिमाजी १९५६ साली पिंपरीजवळच्या आमच्या नव्या कारखान्यात, बॉयलरवर बदली कामगार म्हणून लागला. त्याआधी त्याने शेती केली होती आणि भजन केले होते. त्यांच्या भजनी मंडळात कोणी अभंगातला शब्द बदलला, तर म्हातारे बुवा टाळ थांबवून त्याला सर्वांदेखत पहिल्यापासून म्हणायला लावत. मोठ्यांच्या शब्दांत आपला शब्द घुसवणे हा उद्धटपणा, एवढे शिक्षण चिमाजीचे पक्के झाले होते. दुर्दैवाने आमच्या कारखान्यालाही शिक्षणाची हौस होती.

बदली कामगाराने सहा महिने वर्गाला बसायचे आणि परीक्षा द्यायची. पास झाला तर कायम, नापास झाला तर घरी. वर्ग घेत ट्रेनिंग ऑफिसर अर्जुनराव. त्यांनी चाळीस पानांचे मराठी पुस्तक छापवले होते आणि मुखपृष्ठावर लेखक म्हणून स्वतःचे नाव घातले होते. ते आमचे स्वीडिश तज्ज्ञ हॉल्मसाहेब यांच्या इंग्रजी पुस्तिकेचे ओळीला ओळ भाषांतर होते. मी हेडक्लार्क, दोन्ही कागद माझ्याच टेबलावरून टंकायला गेले. दोन कागद ताडून पाहण्याची खोड मला कॉमर्स कॉलेजातच लागली. बोलण्याची मात्र तिथे कोणी लावली नाही.

उत्तरपत्रिका साहेबांसाठी इंग्रजीत करण्याचे काम माझ्याकडे आले. चिमाजीच्या उत्तरांना डोके लागलेच नाही, साहेबांची पुस्तिका उघडली आणि उतरवून घेतली. त्याने "आकृती सात पाहा" हेसुद्धा लिहिले होते. आकृती नव्हती. बाकीच्या अकरा जणांचे पाठांतर कच्चे होते, म्हणून ते प्रामाणिक ठरले.

साहेब लाल झाले. "ही माझी वाक्ये आहेत. आमच्याकडे याला चोरी म्हणतात."

"काढूनच टाकला पाहिजे," अर्जुनराव म्हणाले. "माणसानं स्वतःचं डोकं वापरायला नको?"

मराठी पुस्तक टेबलावरच होते. साहेबांना देवनागरी येत नव्हती आणि मुखपृष्ठाचे भाषांतर करायला मला कोणी सांगितले नव्हते. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष होते.

चिमाजीला बोलावले. साहेबांचे प्रश्न मी मराठीत विचारत होतो.

"पुस्तक लपवून आणलं होतंस?"

"न्हाई जी. पाठ हाय. म्हनू?" आणि हात जोडून त्याने सुरुवात केली, "बॉयलरची निगा. लेखक, श्रीयुत अर्जुनराव..."

"पुरे, पुरे!" अर्जुनराव ओरडले.

साहेबांनी विचारले, काय म्हणाला? मी सांगितले, पुस्तकाचे नाव. यात खोटे काही नव्हते.

"स्वतःच्या शब्दांत का नाही लिहिलंस?"

"माजं शबुद कशापायी, रावसाहेब? छापल्यालं चांगलं हाय की."

साहेब त्याला बॉयलरपाशी घेऊन गेले. म्हणाले, वाफ बंद करून दाखव. पुस्तकात झडपेचे चाक उजवीकडे फिरवायचे होते, चिमाजीने डावीकडे फिरवले. वाफ बंद झाली.

"हितली झडप उलटी हाय. पुस्तकावानी फिरवलं तर समद्यांस्नी भाजंल."

"मग तसं लिहिलं का नाहीस?"

"मोठ्या मानसाच्या लिखानात चूक काडायची व्हय?"

साहेबांनी चाक स्वतः फिरवून पाहिले. मग त्यांनी निकाल दिला: माणूस कायम करा, पण चोरीबद्दल लेखी माफी घ्या. चिमाजीला नोकरीचा आनंद झाला, चोरी कोणती ते मात्र कळेना.

"काय लिव्हू?"

मी मसुदा करून दिला. त्याने तो अक्षरशः उतरवला. वरचा 'मसुदा' हा शब्द आणि कोपऱ्यातली माझी सहीही. चोरीबद्दलचा हा माफीनामा साहेबांनी समाधानाने स्वीकारला.

वर्षभरात पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. उलट्या झडपेची सूचना त्यात ठळक अक्षरांत आहे. लेखक तेच. चिमाजी पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"रावसाहेब, झडपंचं छापलं बगा! आता पाठ करतो."

त्याचा माफीनामा फाईलला लावलेला आहे. त्यामागे मी दोन कोरे कागद ठेवले आहेत, एक अर्जुनरावांसाठी आणि एक माझ्यासाठी. मसुदा मला तोंडपाठ आहे. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतो आहे, आणि फाईल माझ्या जागी येणाऱ्या माणसाच्या हाती नीट लावून द्यायची आहे.