डबी काढणार नाही

आमच्या शहराच्या कारखान्यांच्या भागात, रिछाईतल्या ज्या मेकॅनिकने माझ्या गाडीला ती डबी बसवली, त्याने बॉनेट बंद करण्याआधीच सांगून ठेवलं होतं, "दीदी, सर्विस को ले जाओगी तो पहले इसे निकाल लेना. दो मिनट का काम है. लगी दिखी तो वारंटी से मना कर देंगे."

"छुपाऊँ क्यों? मेरी गाड़ी है," मी म्हटलं.

तो हसला. आधी तो स्वतः एका कंपनीच्या शोरूममागच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता, आता स्वतःची शेड टाकून बसला होता. त्याला तिथले लोक माहीत होते. मला अजून व्हायचे होते.

मी डोळे तपासते आणि चष्मे बनवते. बरीच वर्षं एका दवाखान्यात नोकरी केली. तिथे खेड्यातून येणाऱ्या बायका संध्याकाळची बस चुकेल म्हणून चष्म्याचा नंबर न काढताच उठून जायच्या. शेवटी मी नोकरी सोडली आणि डिझेलची एक मोठी गाडी घेतली. मागच्या सीटा दुमडून त्यात काचा घासायचं मशीन, बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रेमांच्या पेट्या, घडीची खुर्ची असं सगळं बसवलं. आठवड्यातले चार दिवस मी तासाभरावरच्या सिहोऱ्याला जाते आणि तिथून आत, टेकड्यांकडच्या गावांच्या बाजारात गाडी लावते. बायका बाजार करता करता डोळे तपासून घेतात आणि घरी जाताना चष्मा घेऊन जातात.

अडचण चढावाची होती. इतकं वजन घेऊन गाडी चढावर मरगळायची. एकदा तर अर्ध्यात बंदच पडली. मागे भाजीने भरलेला टेम्पो, आणि मी ब्रेकवर पाय रोवून बसलेली. त्यानंतर मी रिछाईला गेले.

त्याने मला समजेल असं सांगितलं. आजकालच्या गाडीत इंजिनाला किती डिझेल द्यायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. डिझेलच्या नळीत दाब किती आहे हे एक सेन्सर त्याला कळवतो. ही डबी त्या दोघांच्या मधे बसते आणि आहे त्यापेक्षा दाब थोडा कमी सांगते. कॉम्प्युटर मग दाब वाढवतो आणि इंजिनाला जोर येतो. डबीला जोर कमी-जास्त करायचं बटण होतं. मी ते सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवायला लावलं, आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन धुराची तपासणी करून नवं प्रमाणपत्र घेतलं. गाडी चढ चढू लागली. इंजिनावर थोडा जास्त भार पडणार हे मला माहीत होतं. तो माझा निर्णय होता.

पुढे काही महिन्यांनी वेगळंच सुरू झालं. सिहोऱ्याहून परतताना स्टिअरिंग मधेच दगडासारखं जड व्हायचं. समोर पिवळा दिवा लागायचा, आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप ठीक व्हायचं. वळणावर असं होणं म्हणजे काय ते चालवणाऱ्यालाच कळेल. गाडी वारंटीत होती. मी मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "स्टेयरिंग का डिब्बी से कोई लेना-देना नहीं. पर दीदी, निकाल के ही जाना."

घरी बाबा ऐकत होते. माझे बाबा इथल्या ट्रक बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात नोकरीला होते. भंडाऱ्याकडून या हिंदी मुलखात पोरवयात आले आणि तपासणीच्या खात्यातून रिटायर झाले. त्यांनी विचारलं, "काहून काढतेस?"

"काढून नाही राहिली, बाबा."

"मंग ठीक आहे."

मला तेव्हा मदन महल वस्तीतल्या घराची आठवण झाली. बाबांची नोकरी संपली, कारखान्याचं क्वार्टर सोडायचं होतं, आणि आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. दलालाने आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आडनाव सांगू नका, नुसतं मराठी आहोत म्हणा. आईने पहिल्याच दारात स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. दोन घरं मिळाली नाहीत. तिसरं मिळालं, आणि तिथे आम्ही मान वर करून राहिलो. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मला कळतं. एक माणसाचं नाव आहे आणि एक प्लास्टिकची डबी. पण आधी लपवा, मग तुमचं काम करू, हे मी ज्या घरात वाढले तिथे कोणी ऐकून घेत नव्हतं.

सर्विस सेंटरवर बॉनेट उघडलं आणि गाड्या ताब्यात घेणाऱ्या सल्लागाराचं तोंडच बदललं. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला गोड माणूस होता. त्याने डबीकडे बोट दाखवलं.

"मैडम, ये बाहर का सामान है. पूरी गाड़ी की वारंटी खत्म."

"शिकायत स्टेयरिंग की है," मी म्हटलं. "ये डीज़ल के सेंसर पर लगी है."

"सब एक ही कंप्यूटर से जुड़ा है, मैडम."

"अच्छा, तो यही लिखकर दे दीजिए. इस डिब्बी की वजह से स्टेयरिंग खराब हुआ."

तो हसला. "लिखने की क्या ज़रूरत है? आप खुद ही सोचिए, ये डिब्बी तो गाड़ी से झूठ बोलती है."

"गाड़ी से बोलती है. मैं आपसे नहीं बोल रही."

सिस्टीम परवानगी देत नाही, म्हणाला, आणि निघून गेला. मी गाडीची चावी काउंटरवर ठेवली, जॉब कार्डावर तक्रार लिहून घेतली आणि ग्राहकांच्या सोफ्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी बाबाही माझ्याबरोबर आले. सोबत गाडीबरोबर मिळालेलं वारंटीचं पुस्तक आणि मी बनवून दिलेला वाचायचा चष्मा.

बाबांनी ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. मधे दोनदा चहा घेतला. दुपारी मला बोलावून एका ओळीवर बोट ठेवलं. बाहेरून बसवलेल्या वस्तूमुळे जो बिघाड होईल तो वारंटीत येणार नाही, असं तिथे छापलं होतं. पूर्ण गाडीची वारंटी संपते, असं कुठेच नव्हतं.

आम्ही दोघं मॅनेजरच्या टेबलापाशी गेलो. बाबांनी पुस्तक त्याच्यासमोर उघडं ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, मैं जहाँ काम करता था, वहाँ पुर्ज़ा वापस करना हो तो कारण लिखना पड़ता था. बिना कारण लिखे हम एक नट भी नहीं लौटा सकते थे. आप पूरी गाड़ी लौटा रहे हो. कारण लिख दो, हम चले जाएँगे."

मॅनेजरने ती ओळ वाचली. लिहून दिलं तर पुढे मी तो कागद ग्राहक न्यायालयात नेऊ शकते, हे त्याला कळत होतं. मग त्याने तोडगा काढला. डबी काढून गाडी चालवून पाहू. स्टिअरिंग ठीक राहिलं तर दोष डबीचा. मी म्हटलं, चालेल, पण माझ्यासमोर काढायची, आणि कार्डावर तसं लिहायचं.

हे काम त्याने तिथल्या जुन्या टेक्निशियनला दिलं. पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्याने डबी काढून सेन्सर पुन्हा सरळ जोडला आणि डबी एका पिशवीत घालून माझ्या हातात दिली. बाबा आणि मी आपसात बोलत होतो ते ऐकून त्याने विचारलं, "तुम्ही मराठी होय का?" तो गोंदियाचा होता. मला वाटलं, आता हा आपली बाजू घेईल. त्याने तसलं काहीच केलं नाही. "जे निंघन ते सांगतो," एवढं बोलला आणि गाडी घेऊन गेला.

पहिल्या दिवशी स्टिअरिंगला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मॅनेजर सोफ्यापाशी येऊन म्हणाला, "देखिए मैडम, निकाल दी तो ठीक हो गया."

त्या संध्याकाळी घरी जाताना मी पहिल्यांदा डगमगले. इतका ताठा कशाच्या जोरावर दाखवला? मी काही इंजिनिअर नाही. मेकॅनिक चुकला असेल, मीही चुकले असेन. गावांमध्ये बायका वाट बघत होत्या, एकीचा तयार चष्मा माझ्या पेटीत पडून होता, आणि मी इथे खुर्च्या गरम करत बसले होते. बाबांना मी म्हटलं, "चूक असली तर मी मॅनेजरला तोंडावर सांगीन की चूक माझी."

"सांगजो," बाबा म्हणाले. "पण तो मिशीवाला गाडी कुठवर चालवते, ते विचारलं का?"

विचारलं नव्हतं. सकाळी विचारलं. टेक्निशियन म्हणाला, आवारातून बाहेर, पुलापर्यंत आणि परत. दहा-पंधरा मिनिटं. तेव्हा मला उमगलं. माझ्याकडे स्टिअरिंग कधीच सकाळी किंवा निघताना जड झालं नव्हतं. दर वेळी दुपारी, लांबून परतताना. गाडी चांगली तापल्यावर.

मी मॅनेजरला सांगितलं की सिहोऱ्यापर्यंत न्या, भर दुपारी, आणि मी सोबत येते. तो नाही म्हणाला, इतक्या लांबच्या ट्रायलची पद्धत नाही. मी म्हटलं, मग आधीचे दोन दिवस ट्रायल झालीच नाही असं लिहा. टेक्निशियन तिथेच उभा होता. तो मॅनेजरला म्हणाला, "सर, मैं चला जाता हूँ. अधूरा देखके साइन नहीं करूँगा."

आम्ही तिघं निघालो. तो गाडी चालवत होता, मी शेजारी, बाबा मागे पेट्यांच्या कडेला अवघडून बसलेले. डबी माझ्या पर्समध्ये. जाताना काही झालं नाही. सिहोऱ्याच्या बाजारापाशी आम्ही उसाचा रस प्यालो आणि परत फिरलो. मी त्या माणसाच्या हातांकडे बघत होते. शहर जवळ आलं, त्याने वळण घ्यायला चाक फिरवलं आणि त्याचे खांदे एकदम ताठ झाले. दोन्ही हातांनी जोर लावून त्याने गाडी कडेला घेतली. समोर पिवळा दिवा लागला होता.

"धरलं," तो म्हणाला.

त्याने तिथेच आपलं मशीन जोडून दोष वाचला. स्टिअरिंगच्या दांड्यात, चाक किती जोराने फिरवलं ते ओळखणारा एक सेन्सर असतो, तो तापला की बंद पडत होता. पुर्जाच मुळात खराब. बाबांनी मागून विचारलं, "लिहिसान ना?" तो म्हणाला, "लिहिलं बी."

मॅनेजरने कागद वाचला आणि पुर्जा वारंटीतच बदलून देतो म्हणाला. माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. पण गाडी हातात देण्याआधी त्याने एक छापील फॉर्म पुढे केला. ग्राहकाने बाहेरचं उपकरण बसवल्यामुळे पूर्ण वाहनाची वारंटी यापुढे राहणार नाही, खाली सही. म्हणजे जे तोंडी जमलं नव्हतं ते सहीने करून घ्यायचं होतं. मी पेन घेतलं, 'पूर्ण वाहन' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं: इंजन, टर्बो और डीज़ल की लाइन.

"फॉर्म में काट-छाँट नहीं होती, मैडम."

"तो नया छाप लीजिए. इंजन में कुछ हुआ तो मैं आपके दरवाज़े नहीं आऊँगी. वो मेरी ज़िम्मेदारी है. स्टेयरिंग, ब्रेक, एसी, वो आपकी है."

शेवटी त्याने तोच खोडलेला फॉर्म उचलला, माझ्या खाडाखोडीशेजारी स्वतःची छोटी सही केली आणि प्रत काढून दिली. गाडी तिथे आणून सहा दिवस झाले होते. मी त्याच आवारात, त्याच्या खिडकीसमोर, बॉनेट उघडलं. टेक्निशियनने सेन्सर कुठे आहे ते बोटाने दाखवलं, हात मात्र लावला नाही. डबी मी स्वतः जोडली.

सगळं त्यानंतर सुरळीत झालं असं नाही. पुढच्या सर्विसला त्यांनी इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्राम टाकला. डबी आणि तो प्रोग्राम एकमेकांना मानवेनात. गाडी हिसके देऊ लागली, आणि एका चढावर जोर एकदम निम्मा झाला. मी सर्विस सेंटरला फोन केला नाही. शब्द दिला होता. रिछाईच्या शेडमध्ये दोन दिवस गेले, तेव्हा कुठे डबी नव्या प्रोग्रामला जुळली. त्या दोन दिवसांचे बाजार माझे बुडाले.

मागच्या महिन्यात त्याच सोफ्यावर एक टॅक्सीवाला भेटला. त्याच्या गाडीलाही अशीच डबी, आणि खिडकीची काच वर जात नव्हती. कोणीतरी त्याला माझं सांगितलं होतं. मी त्याला पुस्तकातली ओळ दाखवली, फॉर्मची प्रत दाखवली, आणि म्हटलं, भैया, निकालना मत, लिखवाके लो. त्याने सगळं नीट ऐकलं, मान डोलावली आणि बाहेर जाऊन डबी काढून डिकीत टाकली. दुपारपर्यंत काच दुरुस्त होऊन त्याची गाडी त्याला मिळाली. जाताना त्याने मला हात केला, जरा ओशाळून.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला धंद्यावर जायचं होतं. मला विचाराल तर मी पुन्हा सहा दिवस बसेन.