पान उघडत नव्हतं तेव्हा

मला पुराची भीती वाटते आणि ती मी लपवत नाही. आमचं शेत नदीला लागून आहे. पूर येणार म्हटलं की शहाण्या माणसानं नदीपासून लांब पळावं. आमच्याकडची माणसं उलट नदीत उतरतात, पाणी उपसायची मोटार वाहून जाऊ नये म्हणून. आमचे अण्णा, म्हणजे वडील, त्यात सगळ्यात पुढे.

म्हणून मी तालुक्याच्या गावी, केजला बसून एक वेबसाइट केली. वरच्या गावांतले लोक पाणी कुठवर आलं ते लिहून कळवतात, आणि कुणी पान उघडलं की सर्व्हर त्या क्षणाची माहिती जुळवून ते नव्यानं तयार करतो. अण्णांना बजावून ठेवलं होतं, पान बघितल्याशिवाय नदीत पाय ठेवायचा नाही.

त्या दुपारी वरच्या धरणातून पाणी सुटलं. आईचा फोन आला, "अण्णा मोटार काढायला गेलेत रे. त्यांचा फोन बी लागंना."

मी पान उघडलं. पांढरं फटक. नुसतं गोल चिन्ह फिरतंय. सगळ्या नदीकाठची माणसं एकदम पानावर तुटून पडली होती आणि सर्व्हर प्रत्येकाला ते लांबलचक पान जसंच्या तसं पाठवत बसला होता.

उपाय ठाऊक होता. तयार झालेलं पान पाठवण्याआधी दाबून लहान करायचं, गोधडीची गच्च वळकटी बांधतात तसं. समोरचा फोन ते आपोआप उलगडतो. पण दाबायलाही सर्व्हरला मेहनत पडते, आणि हा आधीच धापा टाकत होता. तो बंद पडला तर काठावरच्या कुणालाच काही दिसणार नव्हतं. काम एका ओळीचं. देवाचं नाव घेतलं आणि ओळ टाकली.

पान झटक्यात उघडलं. मी अण्णांना फोनवर फोन लावत राहिलो. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. त्या रेकॉर्ड केलेल्या बाईवरच मी खेकसलो.

शेवटी अण्णांचाच फोन आला, वरच्या बांधावरून. मोटार वाहून गेली होती.

"पान बघितलं का तुम्ही?" मी जवळजवळ रडतच विचारलं.

"न्हाई रे, उघडंनाच ते. लई येळ गोल गोल फिरायलं. मंग मनलं, समदी बघायलेत म्हंजी पाणी आलंच. तसाच वर आलो. कावून रडायलास?"

मी पान आता उघडून बघा म्हणालो. त्यांनी बघितलं, खूश झाले. "लगीच उघडलं की!"

मला मात्र तेव्हापासून धड झोप नाही. पान आता ऐन पुरातही लगेच उघडतं. अण्णांना बारीक अक्षर वाचायचा कंटाळा, त्यामुळे आत काय लिहिलंय ते ते बघतच नाहीत. मी समजावून थकलो. नवी मोटारही बसवून झाली.

परवा आभाळ भरून आलं, म्हणून घरी फोन केला. आईनं उचलला.

"अण्णा कुठायत?"

"मोटारीकडं गेलेत. मनले, पान लगीच उघडलं, काय भ्याव न्हाई."