माईंचं इंजिन

माईंनी आयुष्यात कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यालाही नाही, मग दिराला कुठून करतील? शाळेत नोकरी लागून मी रत्नागिरीत आले आणि माईंच्या मागच्या खोलीत बिऱ्हाड केलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, "राग मुरवायचा असतो गो, लोणच्यासारखा. लगेच वाढलास तर कच्चा लागतो." बोलताना त्या छान हसत होत्या. मी जरा घाबरले, पण त्या मला आवडल्या.

घराशेजारच्या मांगरात, म्हणजे अडगळीच्या खोपटात, एक जुनी, फिकट हिरवी विलायती गाडी उभी असे. वळण दाखवायला तिला दिव्यांऐवजी बाजूने बाहेर येणारे दोन छोटे हात होते. माईंचे यजमान नाना यांनी ती हौसेने घेतलेली आणि भाट्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या घट्ट वाळूत, माईंना चालवायला शिकवलेली. नाना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी माई दर शनिवारी गाडी पुसत. एकदा मी कौतुकाने बॉनेट उघडलं, तर आत काहीच नाही. नुसता खड्डा.

इंजिन नेलं होतं भावोजींनी, नानांच्या धाकट्या भावाने. नानांचं तेरावं होतंय न होतंय तोच ते बैलगाडी घेऊन दारात हजर झाले. "बाईमाणसाला गाडीतलं काय कळतंय, वहिनी? माझ्या वाडीला पाणी तरी लागेल," असं म्हणाले, आणि भाट्याच्या आपल्या नारळी-पोफळीच्या वाडीत ते इंजिन विहिरीवरच्या पंपाला जुंपलं.  माई राग मुरवत बसल्या.

गफूर मिस्त्री गाडीचा जुना माहीतगार. त्याला हातखंब्याच्या भंगारवाल्याकडे त्याच जातीच्या मोडक्या गाडीचं इंजिन मिळालं. तो धावत आला. "माई, सोनं आहे सोनं! थोडं काम केलं की पळेल. वाडीतल्या त्या इंजिनाने इतकी वर्षं खाडीकाठचं मचूळ पाणी प्यायलंय. आतून कुजलं असणार."

माई सुपारी कातरत होत्या. "गाडी पळावी म्हणून का मला इंजिन हवंय, गफूर? त्याच्या वाडीतून निघावं म्हणून हवंय."

आणि ते निघालं शिमग्यात. ग्रामदेवतेची पालखी भावोजींच्या अंगणात येई, ते मानकरी होते. त्या वर्षी माई मलाही घेऊन गेल्या. त्यांनी पालखीपुढे नारळ ठेवला आणि गुरवाच्या कानात काहीतरी सांगितलं. गुरवाने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकीच्या घरधन्याची जी वस्तू परक्या विहिरीवर अडकून ऱ्हायलीय, ती जेनं नेली तेच्याच हातानं हिच्या दारात पोचती कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं अंगण एकदम गरजलं. सर्वांत मोठा आवाज भावोजींचा होता. मानकऱ्याचा आवाज, वर्षानुवर्षांची सवय. गाऱ्हाण्यात काय आहे ते कोण ऐकतो? शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांचा चेहरा पडला. माई पदर सारखा करून म्हणाल्या, "देवासमोर बोललात हो भावोजी."

पाडव्याच्या आत बैलगाडी आमच्या दारात आली. ऐन उन्हाळ्यात दुसरा पंप मिळेपर्यंत भावोजींच्या कितीतरी पोफळी करपल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

गफूरने इंजिन उघडून कपाळाला हात लावला. पाण्याच्या वाटा गंजून गेलेल्या, सिलिंडरला ओरखडे. "अजून विचार करा, हातखंब्याचं घेऊ." माई ऐकतात कसल्या! सिलिंडरला नवं अस्तर, लायनर, घालायला इंजिनाचा ब्लॉक कोल्हापूरला गेला, पिस्टन-रिंगा मुंबईहून आल्या. शेवटी इंजिन सुरू झालं तेव्हा त्यात नानांच्या वेळची ती बारीक टकटक होती. सैल टॅपेट आवळायला गफूर पान्हा घेऊन पुढे झाला, तर माईंनी त्याचा हात धरला. "टॅपेट सैलच राहू दे. आवाज ओळखू आला पाहिजे."

मग दर संध्याकाळी माई पूल ओलांडून भाट्याला जात, भावोजींच्या फाटकापाशी गाडी थांबवत आणि इंजिन नुसतं चालू ठेवत. टक टक टक. हॉर्न नाही, हाक नाही. आत ओटीवरचा झोपाळा थांबे. थोड्या वेळाने माई गाडी वळवत. भावोजी एकदा फार आजारी पडले, तेव्हा माईंनी देवापुढे दिवा लावून मोठ्याने सांगितलं, "त्यांना शंभर वर्षं दे. आणि कान शाबूत ठेव."

देवाने ऐकलं. माईच आधी गेल्या. दुखण्यात त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली होती. "तो येईल," एवढंच म्हणाल्या.

बाराव्या दिवशी भावोजी आले. वाकले होते, हातात काठी. मांगरात जाऊन कितीतरी वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडे वळले, तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "एकदा चालू कर गो. दादाचं इंजिन ऐकतो. फक्त एकदा."

किल्ली माझ्या कमरेलाच होती. माझाही जीव क्षणभर हलला, खोटं कशाला बोलू? पण माईंचं मीठ खाल्लं होतं मी.

"बाईमाणसाला गाडीतलं काय कळतंय, भावोजी?" मी म्हटलं आणि मांगराचं दार लावून घेतलं.