वल्हेआळीचा वाटा

नारळी पौर्णिमा झाली, आता ताजी मासळी मिळणार, एवढ्या एकाच कारणावर आम्ही नवरा-बायको कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो. आंबा घाटात दाट धुकं होतं. पुढे रस्त्याला खड्डे आहेत, त्यामुळे घाई करू नका आणि साखरप्याला चहा घ्याच.

मुक्कामाचा पत्ता होता ‘सागर कॉलनी’. एकाही रिक्षावाल्याला ती माहीत नव्हती. शेवटी घरमालकीण शुभदावहिनींना फोन लावला. “वल्हेआळी विचारा,” त्या हळूच म्हणाल्या. मग सगळ्यांनी लगेच हात दाखवले.

“आळी म्हटलं की पाहुणे नाकं मुरडतात,” वहिनी चहा देताना म्हणाल्या. “आज बैठकीत नव्या फलकावरचं नाव ठरेल. माझं मत कॉलनीला.” त्यामुळे त्यांचे सासरे, आप्पा, सकाळपासून रुसून ओटीवर बसले होते.

मी त्यांना वल्हेआळी नावाबद्दल विचारलं आणि आप्पांची कळीच खुलली. पूर्वी पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, की आळीतली सगळी वल्ही एका घरात कोंडून ठेवत, म्हणजे पोटासाठी कुणी खवळलेल्या समुद्रात जाऊ नये. घर निवडत ते होडी नसलेलं, म्हणजे कुणाला झुकतं माप नको. ते घर आप्पांच्या आईचं. नवऱ्याला समुद्राने नेलेलं, पदरात पोरं. किल्ली तिच्या कमरेला. बदल्यात हंगामभर प्रत्येक होडी तिला मासळीचा वाटा देई. आता होड्यांना इंजिनं आली, तरी पहिल्या मासळीचा वाटा या घरी येतोच.

एवढ्यात शेजारच्या ताराकाकी सुरमई घेऊन आल्या. “घे गो शुभदा, आमच्या होडीचा वाटा. पुढच्या साली कॉलनीत कुणाच्या दारात ठेवायचा, तेवढं सांगून ठेव.”

वहिनी हसल्या. सुरमईला मसाला लावून बैठकीला निघाल्या. आम्हीही मागोमाग गेलो.

“माझं मत वल्हेआळीला,” त्यांनी तिथे सांगितलं.

“अहो, कॉलनी तर तुम्हीच सुचवलीत,” कुणीतरी म्हणालं.

“हो. पण आमचं घर कॉलनीनं नाय पोसलं.”

सगळे खळखळून हसले आणि जुनं नाव कायम झालं. रात्री आप्पांनी सुरमईची मधली तुकडी स्वतः सुनेच्या ताटात वाढली. तांदळाची भाकरी, सोलकढी आणि ते दोघे बोलताना पाहून मला फार आनंद झाला. तिथे राहायला गेलात तर जेवण घरातच सांगा.

घरी परतून आठवडा झाला. किल्ला, किनारा फोटोंत आहेत. मनात मात्र निघतानाचं बोलणं आहे. मी आप्पांना विचारलं होतं, “वल्ह्यांसाठी शेजारी हातापाया पडले, तरी आई कधी विरघळल्या नाहीत?”

“त्यांच्याबरोबर रडायची,” आप्पा म्हणाले. “किल्ली द्यायची नाय.”