शेपटीजवळचा काप

डॉक्टरांनी हौसाला, माझ्या बायकोला, घरी न्यायला सांगितलं. म्हणाले, आता पथ्य नको, मागतील ते खायला द्या. त्याचा अर्थ मला कळला आणि तिलाही कळला. घरी आल्यावर उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "वांब खावीशी वाटतीया." पोटातल्या गाठीमुळं महिनाभर पेज उतरत नव्हती, आणि बाईनं मागितलं ते हे... तिला जाऊन पाच आठवडे झाले. माझी शाळा चौथीत सुटली, लिहायची सवय नाही. जमेल तसं लिहितो.

वांब म्हणजे सापासारखा लांबडा मासा. आम्ही भोई, पंचगंगेत जाळं टाकण्यात जन्म गेला. आमचं लग्न झालं तेव्हा वांबेचं कुणाला कौतुक नव्हतं, इतकी मिळायची. हौसा मुरगूडची, वेदगंगेच्या काठची. मासा हातात घेतला की कुठल्या डोहातला ते सांगायची. चुकली तर माझ्यावरच ओरडायची, की तुम्हीच जागा खोटी सांगताय.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोन-एक वर्षांनी विद्यापीठातले एक सर आमच्याकडं यायला लागले. नदी आणि नदीवर जगणारी माणसं, अशा दोन्हींचा अभ्यास करणारं केंद्र तिथं निघालं होतं. नदीत कुठले मासे उरलेत ते त्यांना बघायचं होतं, त्यासाठी अख्खे मासे हवे होते. पहिल्या दिवशी हौसानं त्यांना मासे दिले ते खवले काढून, पोट साफ करून, हळद-मीठ चोळून. सर डोक्याला हात लावून बसले. ही त्यांनाच म्हणाली, "पावण्याला घाणीसकट मासा देत्यात व्हय?" पुढच्या खेपेला हातभर वांब मिळाली, तर सवयीनं तीही विळीवर धरली. शेपटीजवळ एक काप गेला आणि सर दारातून ओरडले, "मावशी, थांबा!" त्या कापासकट वांब न सडण्याच्या औषधात, बाटलीत गेली. तेव्हापासून सर दिसले की ही म्हणायची, विळी आत ठेवा, नाहीतर मास्तर रडत्यात.

मग वरच्या अंगाच्या कारखान्यांतून नदीत काळं पाणी यायला लागलं. उन्हाळ्यात मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागायचे. सर बाटल्यांत पाणी भरून न्यायचे, अहवाल लिहायचे, मुंबईला बैठकीला जायचे. परत आले की आमच्याकडं चहा घेत बसायचे. एकदा हौसानं विचारलं, "तुमी लिवताय, मासं मरत्यात. थांबवायचं कुणी?" सर उठून पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरायला लागले. चहा निवला.

हौसाच्या वांबेसाठी मी चार दिवस नदी धुंडाळली. जाळ्यात चिलापी, तो बाहेरून आलेला मासा, नुसती चिलापी. बाजारातही वांब नव्हती. पाचव्या दिवशी केंद्रात गेलो. सरांचे केस पांढरे झालेत. कुणाच्या जाळ्यात वांब लागली का, विचारलं. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, कपाट उघडलं. बाटलीत तीच वांब. म्हणाले, त्यानंतर आम्हाला दुसरी मिळालीच नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, चांगली धुऊन घेतली तर?" त्यांनी माझा हात धरला. "मामा, विष आहे ते." मग कपाट लावलं.

घरी येऊन खरं ते सांगितलं. माशाच्या बाबतीत तिच्याशी खोटं टिकत नसे.

"काप हाय का अजून?" तिनं विचारलं.

"हाय."

"तवाच तिखटात घातली असती, तर कुणाच्या तरी पोटात गेली असती."

मग कूस बदलून द्या म्हणाली. दिली. तिसऱ्या दिवशी गेली. तिनं मागितलेलं एवढं एकच, आणि जन्मभर जाळं टाकणाऱ्या माणसाला ते देता आलं नाही.

परवा पुन्हा केंद्रात गेलो. शिपायानं काही न विचारता कपाटापुढं स्टूल दिलं. वांबेचा रंग उडालाय, बाटलीवरची चिठ्ठी इंग्रजीत, मला वाचता येत नाही. आमच्या घरात हौसाचा फोटो नाही. पण ती डावखुरी होती, तिचा काप नेहमी उलटा, तिरका जायचा. बाटलीत तो आहे. सरांच्या हाकेसरशी तिचा हात थांबला, तेवढाच.